आम्लवर्षा आणि दहा किलोमीटरची रेषा

कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांनी धुरातल्या सल्फर डायऑक्साइडला आळा घालावा, असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला. मुदत दोन वर्षांची. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, आणि जुलै २०२५ मध्ये तीन-चतुर्थांशाहून अधिक केंद्रांना सूटच! हप्ते पुढे ढकलता ढकलता शेवटी माफ झालेली कर्जखाती आम्ही बँकेत असताना पाहिली आहेत.

आपल्या कोळशात गंधक कमी, ही सरकारची बाजू. ती पोकळ नाही. शिवाय उत्तरेकडच्या हवेतली चुनखडीयुक्त धूळ बरेचसे आम्ल मारून टाकते.

सरसकट सक्ती उरली ती दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरे यांच्या १० किलोमीटरांतल्या केंद्रांना. म्हणजे आम्ही इंदूरकर निर्धास्त. पण ढग थोडेच टेप घेऊन चालतात? ब्रिटनने चिमण्या उंच केल्या, तिथली हवा सुधारली आणि तो धूर शेकडो किलोमीटर वाहत जाऊन आम्ल होऊन नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांत उतरला. आम्लाने मातीतले ॲल्युमिनियम सुटून पाण्यात आले, मासे मेले. पाणी मात्र नितळ दिसे. पुढे स्वीडनला तळ्यांत वर्षानुवर्षे चुना टाकावा लागला.

माळव्याच्या काळ्या मातीत चुना आहे, ती बरेच पचवील. आपल्यापैकी अनेकांची मूळ घरे आहेत त्या कोकणातली जांभी माती मुळातच आम्लधर्मी. तिच्या खात्यात एवढी शिल्लक नाही.