दहावा थर नक्की कोणाचा?

2025 ची दहीहंडी होऊन गेली. आता हंडीवर कोण वाचणार? तरी लिहितोय. कारण दरवर्षी असंच होतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात थरांचा आकडा आणि जखमींचा आकडा शेजारी शेजारी छापून येतो आणि तिसऱ्या दिवशी विषय बंद.

आधीच सांगतो, म्हणजे कमेंटमध्ये 'हिंदू सणच दिसतात का' वाल्यांचे कष्ट वाचतील. मी हंडीवेडा माणूस आहे. क्रिकेट बघतो, कबड्डी बघतो, पण अंगावर काटा येतो तो फक्त आठव्या थरावर एक्का चढताना. आयपीएलमध्ये कोणी जिंकलं काय, हरलं काय, दुसऱ्या दिवशी खेळाडूच दुसऱ्या टीममध्ये. इथे तसं नाही. इथे जोगेश्वरीचं पोरगं जोगेश्वरीचंच असतं.

आणि 2025 ला जोगेश्वरीने काय केलं बघा. 2012 साली जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले होते, 43.79 फूट. गिनीज बुकात नोंद झाली. पुढची तेरा वर्षं दहावा थर म्हणजे नुसती स्टेजवरची घोषणा होती. 16 ऑगस्टला तो लागला, तोही ठाण्यातच. लावला कोणी? कोकण नगर पथकाने. हे पथकही जोगेश्वरीचंच. आणि त्याच दिवशी जय जवाननेही दहा लावून दाखवले. अंधेरी आणि गोरेगावच्या मधल्या एका स्टेशनात दोन पथकं, दोघांचे दहा दहा थर. अख्ख्या मुंबईत याहून मोठी खुन्नस मला दाखवा. 14 सप्टेंबरला दुबईत भारत-पाकिस्तान सामना खेळायचा की नाही यावर तेव्हा आठवडाभर सगळी चॅनेलं भांडत होती. मला विचाराल तर त्या वर्षीची खरी चुरस जोगेश्वरी पूर्वेला झाली आणि तिच्यावर एकाही चॅनेलने अर्धा तास धड चर्चा केली नाही.

का नाही केली? कारण कॅमेरा थरांवर नव्हताच, स्टेजवर होता.

घाटकोपर, मागाठाणे, ठाणे, कुठेही जा. क्रेनवर हंडी, हंडीच्या मागे बॅनर, बॅनरवर भाऊ, भाऊंचे भाऊ आणि भाऊंचे साहेब. सकाळपासून ट्रकमध्ये भिजत आलेलं पथक खाली ताटकळतंय आणि वर निवेदक सांगतोय, दोन मिनिटं थांबा, आपल्यामध्ये अमुक सिनेमाची टीम येतेय. टीम येते. सिनेमाचं नाव तीनदा घेतलं जातं, गाणं वाजतं, नायिका 'कसे आहात मुंबईकर' म्हणते. तेवढ्यात खाली पोरांचे खांदे गार पडतात. खांदे गार पडले की काय होतं ते कोणत्याही प्रशिक्षकाला विचारा. थर लावायला पथक उभं राहिल्यावर त्याला थांबवून ठेवणं हा माझ्या मते गुन्हा आहे. वानखेडेवर बोलर रनअप घेत असताना कोणी नट खेळपट्टीवर नाचायला आणतं का?

सेलिब्रिटीचं एवढं कौतुक का, हे मला खरंच कळत नाही. प्रो गोविंदा लीगला 2025 ला ख्रिस गेल ब्रँड ॲम्बॅसेडर होता. गेल मला आवडतो, त्याच्यासारखे सिक्स कोणी मारले नाहीत. पण त्याने आयुष्यात कधी कोणाच्या खांद्यावर पाय ठेवलाय? ज्या पोराने 2012 ला नवव्या थरावरून सलामी दिली तो आज पंचविशीच्या आसपास असेल. त्याला बोलवा की. त्याचा चेहरा लावा बॅनरवर. नाही लावणार, कारण त्याच्या चेहऱ्याने मतं पडत नाहीत.

मंचावर नको ते बोलण्याची परंपराही जुनीच. 2018 ला घाटकोपरच्या हंडीत आमदार साहेब पोरांना मुली पळवून आणून देण्याची भाषा बोलले होते. देशभर बोंब झाली, मग दिलगिरी. हंडी तिथेच राहिली, साहेबही तिथेच. त्याच उपनगरांत मुलींची पथकं उभी राहतात, थर लावतात. त्यांच्या वाट्याला निवेदकाचं 'आपल्या रणरागिणी' एवढं एक वाक्य आणि पुरुषांच्या तुलनेत चिल्लर बक्षीस.

राजकारण नको असं मी म्हणत नाही. राजकारण्यांशिवाय हंडी होणार नाही हे मलाही कळतं. आज क्रेन, साऊंड, बक्षीस, टी-शर्ट हे सगळं वर्गणीतून होत नाही. पण पैसे देतो तो मालक झालाय. 2025 ला प्रो गोविंदाला जय जवान नव्हतं. नऊ थरांचा विक्रम ज्यांच्या नावावर, तेच नाहीत! नोंदणीला उशीर झाला असं कारण पुढे आलं. मैदानात चर्चा वेगळी होती, की वरळीला ठाकरे बंधूंच्या मेळाव्यात थर लावून सलामी दिली ते नडलं. खरं काय ते त्या दोघांना माहीत. पण अशी चर्चा होऊ शकते आणि ऐकणाऱ्या कोणालाच तिचं नवल वाटत नाही, यातच सगळं आलं. तेव्हा पालिकेची निवडणूक तोंडावर होती, मार्च 2022 पासून नगरसेवक नव्हते, इच्छुकांची रांग लागली होती. त्या वर्षी गल्लीगल्लीत हंड्या का वाढल्या ते वेगळं सांगायला नको.

आता जखमींकडे येतो. हे लिहायला आवडत नाही, पण याच्यासाठीच पोस्ट लिहितोय.

हंडीच्या आधीच्याच आठवड्यात दहिसरला सरावात एक मुलगा वरच्या थरावरून पडला आणि गेला. वय 11. हंडीच्या दिवशी मानखुर्दला दोर बांधताना 32 वर्षांचा माणूस पडून गेला. मुंबईत जखमी तीनशेच्या वर. त्याच पहाटे विक्रोळी पार्कसाईटला दरड कोसळून दोन माणसं गेली होती, हवामान खात्याचा रेड अलर्ट होता आणि पावसात निसरड्या खांद्यांवर पोरं चढत होती. किती स्टेजवरून सांगितलं गेलं की आज दोन थर कमी लावा, बक्षीस तेवढंच देतो? मी तरी ऐकलं नाही.

अकरा वर्षांचं पोर तिथे असायलाच नको होतं. 2014 ला हायकोर्टाने 18 वर्षं आणि 20 फूट अशी मर्यादा घातली. 2016 ला सुप्रीम कोर्टानेही तीच ठेवली. तेव्हा आपण सगळ्यांनी आरडाओरडा केला, मीही त्या आदेशाच्या विरोधातच होतो आणि आजही आहे, कारण वीस फुटांची हंडी ही हंडीच नाही. 2017 ला हायकोर्टात उंचीची मर्यादा गेली आणि वयाचं 14 वर ठरलं. म्हणजे आपल्याला हवं ते मिळालं. बदल्यात पाळायची गोष्ट एकच होती. तीही पाळत नाही आपण.

2022 ला सरकारने साहसी खेळाचा दर्जा दिला, सार्वजनिक सुट्टी दिली, नोकऱ्यांत आरक्षणाचीही घोषणा केली. तेव्हा स्पर्धा परीक्षेची पोरं भडकली होती आणि बरोबरच भडकली होती. 2025 ला दीड लाख गोविंदांचा विमा काढला, मृत्यू झाल्यास दहा लाख. चांगलं केलं. पण विमा हा पडल्यानंतरचा इलाज आहे. खेळाचा दर्जा म्हणजे फक्त जीआर आणि सुट्टी नव्हे. खेळ म्हटलं की नियम, पंच, वयाचा दाखला, वॉर्मअपची जागा आणि कोपऱ्यात उभी ॲम्ब्युलन्स हे सगळं आलं. शालेय कबड्डीच्या स्पर्धेत जन्मतारखेचा कागद बघितल्याशिवाय पोराला मॅटवर घेत नाहीत. इथे एक्का म्हणून सगळ्यात हलकं पोर शोधतात, आणि हलकं म्हणजे लहान.

स्पेनचं उदाहरण आपल्याकडे नेहमी देतात, पण फक्त 'आम्ही स्पेनला मागे टाकलं' म्हणायला. कॅटलोनियात वाल्स नावाचं गाव आहे. तिथेही अगदी आपल्या जोगेश्वरीसारखी एकाच गावात दोन पथकं, कोया वेया आणि कोया जोवेस. पिढ्यान् पिढ्यांची खुन्नस. दर ऑक्टोबरला सांता उर्सुलाच्या जत्रेत एकाच चौकात समोरासमोर. त्यांच्या मनोऱ्यांना 2010 ला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. दहा थर ते 1998 पासून लावतायत, हेही जरा ध्यानात ठेवा, उगाच छाती फुगवू नका. दर दोन वर्षांनी तारागोनात त्यांची स्पर्धा होते आणि तिथला एक नियम मला फार आवडतो. मनोरा नुसता उभा राहिला तर कमी गुण. पूर्ण गुण कधी, तर सगळे थर नीट उतरवून शेवटचा माणूस जमिनीवर आल्यावर. तिथेही लोक पडतात, हाडं मोडतात. 2006 ला एक लहान मुलगी पडून गेली. त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं ते कायमचं. आपल्याकडे हेल्मेट वाटपाचा फोटो येतो. हेल्मेट कुठे जातात देव जाणे.

आपल्याकडे वरच्या पोराने हात वर केला, डीजे वाजला, काम झालं. नंतर डोलारा कोसळला तरी टाळ्याच. उलट कोसळतानाची रील जास्त चालते. माझं साधं म्हणणं आहे, उतरलेला थरच मोजा. आयोजकांनी बक्षिसाच्या बोर्डवर एवढी एक ओळ लिहिली की पथकं आपोआप झेपतील तेवढेच थर लावतील. कोणत्याही कोर्टात जायला नको, उंचीला हात लावायला नको. दहा लावा, अकरा लावा, पण सगळी पोरं पायांनी चालत खाली आली पाहिजेत.

2025 ला 15 ऑगस्ट शुक्रवारी आला, हंडी शनिवारी, वर रविवार. सकाळी झेंड्याला सोसायटीत मोजून पंचवीस माणसं, त्यात बारा पोरं लाडवासाठी. दुसऱ्या दिवशी हंडीला रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नाही. यावरून अनेकांनी नाक मुरडलं, देशभक्ती कुठे गेली वगैरे. मला तसं वाटत नाही. झेंडावंदनाला सही करायला येणाऱ्या माणसापेक्षा गुरुपौर्णिमेपासून रोज रात्री कामावरून सुटून, शेवटची लोकल पकडून सरावाला येणारं पोरगं मला जास्त भावतं. पहिल्या थरात उभा राहणारा कुठे रिक्षा चालवतो, कुठे डिलिव्हरी करतो. त्याच्या खांद्यावर नऊ थर आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर पार्सलची बॅग. त्याचं नाव ना बॅनरवर असतं, ना बातमीत.

29 ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन आहे, मेजर ध्यानचंदांचा जन्मदिवस. भाषणं होतील, साहसी खेळाचा उल्लेखही होईल. तुमच्या भागातल्या कार्यक्रमाला जाणार असाल तर व्यासपीठावरच्या माणसाला विचारा, बक्षीस थर लावल्याचं देणार की उतरवल्याचं? आणि कमेंटमध्ये मला शिव्या द्यायच्या असतील तर जरूर द्या, फक्त सोबत तुमच्या पथकाच्या एक्क्याचं वय लिहा.