जुने असणे आणि जुने दिसणे

— तृतीय वर्ष, कला

गेल्या दिवाळीत माझा थोरला चुलतभाऊ पुण्याहून आला तो मनगटावर एक घड्याळ मिरवीतच. दिसायला ते १९६० च्या सुमाराचे. फुगीर काच, फिकट तबकडी, तिच्यात डावी-उजवीकडे दोन लहान तबकड्या आणि चावीच्या वर-खाली एकेक बटण. मी विचारले, “दादा, कोणाच्या आजोबांचे?” तो हसून म्हणाला, “माझेच. वय अवघे दोन महिने!” त्याने ते जुन्या धर्तीवर मुद्दाम करवून घेतले होते. केस एका ठिकाणची, तबकडी त्याने सांगितल्याप्रमाणे रंगविलेली, आतले मशीन चीनमधील ‘सीगल’ कारखान्याचे. पाठीमागच्या झाकणावर जुळणीचे चालू वर्ष कोरलेले.

मी तात्काळ निकाल दिला, “हे तर नुसते सोंग!” कारण माझ्या हातात ‘अस्सल’ जुने घड्याळ होते. निबंधस्पर्धेच्या बक्षिसाचे पैसे मोडून शहरातील जुन्या बाजारातून आणलेले एच.एम.टी. ‘जनता’. रोज सकाळी चावी द्यावी लागे, याचाही मला अभिमान होता.

आमचा वाद गावातील घड्याळवाल्या काकांच्या दुकानात गेला. काकांनी डोळ्याला भिंग लावून आधी माझे घड्याळ उघडले. तबकडी अलीकडेच रंगविलेली, अक्षरे जाड व किंचित तिरकी, आतील भाग दोन-तीन घड्याळांतून जमविलेले. काका शांतपणे म्हणाले, “चालतंय बरं. पण विकणाऱ्यानं तुला हे सांगायला हवं होतं.” माझा चेहरा कसा झाला असेल, याची वाचकांनी कल्पना करावी.

मग दादाचे घड्याळ उघडले. काका बराच वेळ बोललेच नाहीत. नंतर माझ्या हाती भिंग देऊन म्हणाले, “वरचं बटण दाब आणि बघ.” किल्ल्याच्या बुरुजांसारखे बारीक खांब असलेले एक चाक एक घर पुढे सरकले. एका तरफेचे टोक दोन खांबांमधल्या फटीत पडले, एक फिरते चाक मधल्या चाकाला भिडले आणि सेकंदाचा मोठा काटा धावू लागला. तेच बटण पुन्हा दाबताच तरफ खांबावर चढली व काटा जागीच थांबला. खालचे बटण दाबले, तेव्हा एक छोटी हातोडी हृदयाच्या आकाराच्या चकतीवर आदळली. ते हृदय कसेही वळलेले असो, हातोडीचा घाव त्याला एकाच स्थितीत आणून ठेवतो, म्हणून काटा नेमका शून्यावर येतो. यात ना बॅटरी, ना विजेचा तुकडा. हे सोंग म्हणायचे तर खरे कशाला म्हणायचे?

त्या दिवसापासून मी या घड्याळांविषयी वाचू लागलो. ‘क्रोनोग्राफ’ या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ ‘काळ लिहिणारा’. १८२१ साली पॅरिसमध्ये घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियुसेक याने वापरलेले यंत्र खरोखरच लिहीत असे. घोडा अंतिम रेषा ओलांडी, तेव्हा फिरत्या तबकडीवर शाईचा थेंब पडे. पुढे शाई गेली, नाव राहिले.

दादाच्या घड्याळातील मशीनचीही एक वंशावळ आहे. ते मूळचे स्वित्झर्लंडमधील ‘व्हीनस १७५’. त्याची यंत्रसामग्री चीनने विकत घेतली आणि १९६१ मध्ये तिआनजिन येथे हवाई दलाच्या वैमानिकांसाठी क्रोनोग्राफ बनविण्याचे काम सुरू झाले. मूळ स्विस कारखाना राहिला नाही, त्याचे मशीन मात्र आजही घडते आहे.

दुसरी कथा स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या गावची. झेनिथ कंपनीने १९६९ मध्ये ‘एल प्रिमेरो’ हा स्वयंचलित क्रोनोग्राफ काढला. त्याचे तोलचक्र तासाला ३६,००० ठोके देते, म्हणून तो सेकंदाचा दहावा भाग मोजतो. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात जपानच्या सेईकोने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि यांत्रिक घड्याळांवर संक्रांत आली. १९७५ मध्ये झेनिथच्या अमेरिकन मालकांनी यांत्रिक घड्याळांचे काम बंद करण्याचा हुकूम काढला. शार्ल व्हर्मो नावाच्या कारागिराने तो मानला नाही. त्याने हत्यारे व साचे गुपचूप माळ्यावर नेऊन लपविले आणि कोणते कशासाठी, याची नोंद करून ठेवली. १९८४ मध्ये ‘एल प्रिमेरो’ पुन्हा सुरू झाला तो या माळ्याच्या बळावर.

मित्रहो, माझे म्हणणे या माळ्यापाशी येऊन थांबते. व्हर्मोने जुनी घड्याळे जपली नाहीत, घड्याळ करण्याची विद्या जपली. परंपरा वस्तूच्या वयात नसते, ती करणाऱ्याच्या हातात असते. आज कोणी ओवी रचली, तर आपण तिला खोटी म्हणत नाही. तीच ओवी चहाच्या पाण्यात बुडविलेल्या कागदावर उतरवून ‘तीनशे वर्षांपूर्वीची पोथी’ म्हणून विकली, तर मात्र तो गुन्हा होय. घाट उसना घेता येतो, वय उसने घेता येत नाही. दादाचे घड्याळ स्वतःचे जन्मवर्ष पाठीवर वागविते. माझे घड्याळ वयाने खरोखर थोर असूनही खोटे बोलत होते.

दादाशी माझे एक भांडण मात्र शिल्लक आहे. त्याच्या तबकडीवरील आकडे जुनाट दिसावेत म्हणून मुद्दाम पिवळसर रंगविले आहेत. ते मला रुचत नाही. पिवळेपणा मिळवायला ऊन खावे लागते!

कोणी म्हणेल, खिशातला मोबाईल याहून अचूक वेळ दाखवितो, मग हा खटाटोप कशाला? अचूकतेपुरते हे मान्य. पण मोबाईल बिघडला की आपण तो फेकतो, आणि घड्याळ बिघडले की ते उघडून पाहणारा माणूस लागतो. १९६१ मध्ये बंगळूरला सुरू झालेला एच.एम.टी.चा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. काकांचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो. काकांची हत्यारे उद्या माळ्यावर जातील, पण त्यांची नोंद कोण ठेवणार?

म्हणून हल्ली रविवारी दोन तास मी दुकानात बसतो. अजून चिमट्यातून स्क्रू उडतो आणि अर्धा तास जमिनीवर शोधण्यात जातो. माझे घड्याळ मी टाकून दिले नाही. दुरुस्ती करणारे झाकणाच्या आतल्या बाजूस बारीक खूण कोरून ठेवतात. काकांकडून मी तेथे तारीख आणि दोन शब्द कोरून घेतले : ‘तबकडी नवी’. आता तेही खरे बोलते.