सोमवारच्या डोंगरावरची माणसं

लोहगडाला येणाऱ्यांना आमच्या भागातली मुलं दोनच वेळा दिसतात. गाड्या अडकल्या की वाट मोकळी करताना, आणि कुणी पडलं की स्ट्रेचर उचलताना. वर्तमानपत्रातही तेवढीच दिसतात. मग कधीतरी शाल-श्रीफळ मिळतं, टाळ्या होतात. सत्काराबद्दल माझी तक्रार नाही, त्या मुलांनी तो कमावलेला असतो. पण डोंगराखालचं गिर्यारोहण मंडळ अपघाताच्या दिवशी उभं राहू शकतं ते बाकीच्या वर्षभरात डोंगरावर केलेल्या कामामुळे, आणि त्या बाकीच्या वर्षाकडे, गर्दी उतरून गेल्यावरच्या सोमवारच्या डोंगराकडे, बघायला कुणी तयार नाही.

मी मळवलीत शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, ब्लाऊज, परकर, आणि बरीच वर्षं आमच्या मंडळाच्या दोरांच्या पिशव्या नि स्ट्रेचरचे पट्टे. त्यातूनच दोरांची वही माझ्याकडे आली. कोणता दोर कधी घेतला, कुठल्या कड्यावर लावला, धारेवर घासला का, भिजला का, वाळवला कुणी, हे सगळं त्यात लिहायचं. दोर तपासायचा म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत हातातून फिरवायचा. आतला गाभा दुखावला असेल तर बोटांना तिथे मऊ लागतं, किंवा दोर नको तितका दुमडतो. चढाईचा दोर ताणला जाणारा असतो, पडणाऱ्याला हिसका कमी बसावा म्हणून. दरीतून स्ट्रेचर वर घ्यायचा दोर जवळजवळ न ताणला जाणारा लागतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आणि न वापरता कपाटात ठेवलेला दोरसुद्धा साधारण दहा वर्षांनी बाद करावा, असं बहुतेक उत्पादकच सांगतात.

म्हणजे ज्या वर्षी एकही अपघात होत नाही, त्या वर्षीही दोर म्हातारा होतोच. नव्यासाठी मदत मागायला एका कार्यालयात गेलो, तर पहिला प्रश्न आला, "ताई, यंदा रेस्क्यू किती केले?" कमी केले असतील तर दोर कशाला हवा, असा त्यामागचा हिशोब. धोकादायक वळणावर उभं राहून परत पाठवलेली माणसं कुठल्या रकान्यात लिहायची, हे मी तेव्हा विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही.

आमच्या मंडळाचं वर्ष जुलैत सुरू होत नाही. ते जानेवारीत सुरू होतं, जाळरेषेपासून. पावसात हिरवागार दिसणारा शेजारच्या विसापूर गडाचा उतार फेब्रुवारीपासून नुसत्या वाळलेल्या गवताचा असतो. फेकलेली विडी, न विझवलेली चूल किंवा मुद्दाम ओढलेली काडी पुरते. वणव्यात मोठी झाडं पुष्कळदा तगतात. जातात ती गेल्या पावसात उगवलेली रोपं, जमिनीवरची घरटी, सरडे, कीटक. उघडी पडलेली माती पहिल्या वळवाबरोबर खाली येते. म्हणून आधीच, वनखात्याच्या परवानगीने आणि वनरक्षकाला बरोबर घेऊन, गवत कापून पट्टा पाडायचा, वारा पडलेला असताना तेवढाच पट्टा जाळायचा आणि हिरवे डहाळे हातात घेऊन दोन्ही बाजूंना उभं राहायचं. धुराने डोळे चुरचुरतात, चपलेतून चटका लागतो. जुलैत मळवली स्टेशनवर लोकलमधून उतरणाऱ्या हजारोंपैकी या कामाला फार थोडे येतात.

आणि खरी अडचण आगीहून अवघड असते. वनात आग लावणं कायद्याने गुन्हा आहे, पण काडी ओढणारा कधीकधी मंडळातल्याच कुणाचा चुलता निघतो. "जाळलं का पावसाला कवळं गवत येतं," असं म्हातारी माणसं सांगतात, आणि जळलेल्या जागी हिरवे कोंब लवकर दिसतात हेही खरं. बाहेरून आलेल्या माणसाने त्यांना पर्यावरणावर भाषण दिलं तर ती ऐकून घेतील आणि मार्चमध्ये तेच करतील. मंडळातली मुलं आधी विळे घेऊन गेली. चुलत्याबरोबर गवत कापलं, भारे खाली आणून दिले. कापून नेलं की जाळायला फारसं उरतच नाही. हे नात्यातल्या माणसाने करायचं काम आहे. ते ठेक्याने होत नाही.

किल्ल्यावरच्या कामाचंही तसंच. लोहगड आणि विसापूर दोन्ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, तिथला दगड परवानगीशिवाय हलवायचा नाही, हा आमच्याकडे पहिल्या दिवसाचा धडा. भिंतीत पिंपळाचं रोप दिसलं की नव्या मुलाचा हात आपोआप पुढे जातो. उपटायचं नाही, खात्याला कळवायचं. मूळ सांध्यात गेलेलं असलं तर रोपाबरोबर दगडही येतो. विसापूरचे दरवाजे १८१८ मध्ये इंग्रजांनी उडवले, पण चुना मळायच्या घाणीचं प्रचंड दगडी चाक अजून गडावर आहे. मी प्रत्येक नव्या तुकडीला तिथे थांबवते. या भिंती चुन्याच्या आहेत, चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं आणि दगडच खराब होतो. महाराजांवरच्या प्रेमापोटी सिमेंटची गोणी गडावर चढवणारे तरुण मी पाहिले आहेत. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, पण भिंतीचं नुकसान त्याने टळत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं, त्यांत लोहगड आहे. गर्दी वाढणार, उत्साहही वाढणार. त्याला वळण लावायला गडाखालचीच माणसं लागतील.

मुलं मंडळात येतात ती चढायला मिळतं म्हणून. समाजसेवेचा विचार करून चौदा वर्षांचं पोर येत नाही, आणि यायची गरजही नाही. माझी धाकटी पहिल्यांदा हार्नेस बांधून कातळाला भिडली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला कुठल्याही बक्षीस समारंभात दिसलं नाही. त्या आनंदातूनच बाकी सगळं येतं. जे मूल कड्यावर तासभर लटकलं, त्याला आग्या मोहोळ कुठे लागलंय ते ठाऊक असतं आणि त्याच्याजवळ धूर, अत्तर, आरडाओरडा का नको हेही. कुठल्या घळीत पाऊस वर पडला की खाली किती वेळात लोंढा येतो, हे त्याला पाटीवर वाचावं लागत नाही. काही ठिकाणी अशा मंडळांना केवळ 'आपत्ती पथक' करून टाकायची घाई दिसते. खेळ काढून घेतला तर दहा वर्षांनी पथकात माणूस उरणार नाही.

या माणसांची किंमत महाराष्ट्राला कळायला हवी होती, इतके प्रसंग येऊन गेले. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस कोसळून तीस जण गेले. त्या दरीत दोर लावून उतरले महाबळेश्वर ट्रेकर्स आणि आसपासच्या गिर्यारोहण संस्थांचे कार्यकर्ते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. रस्ता नाही, यंत्रं चढवता येईनात. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं बेपत्ताच राहिली. त्या रात्री वर चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. प्रशिक्षित माणसाचाही अंधारातला, पावसातला चढ असा जीव घेतो. खोपोलीच्या यशवंती हायकर्सपासून लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रपर्यंत जे लोक अशा वेळी निघतात, ते दुसऱ्या दिवशी दुकान उघडतात, रिक्षा चालवतात, पाळीला जातात.

३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाठोपाठ जिल्हाभर बंदीचे आदेश निघाले. बंदी कधीकधी लागतेच, जोराच्या पावसात मी स्वतः ती मागेन. पण आदेश कागदावर असतो आणि घसरडी जागा डोंगरावर. तिथे उभा राहणारा माणूस हवा, आणि त्याने सांगितलेलं ऐकावं असं त्याच्या अंगावर काहीतरी अधिकृत हवं. २०२३ च्या जुलैत लोहगडाच्या पायऱ्यांवर माणसं तासन्‌तास अडकली होती. त्या गर्दीत कुणाला चक्कर आली असती तर स्ट्रेचर वरही गेला नसता. गर्दी गडाखालच्या खिंडीतच थांबवायला हवी होती, आणि ती थांबवण्याचा अधिकार आमच्या पोरांना नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली विम्याची. राज्य सरकारने २०२५ मध्ये दीड लाख गोविंदांना विम्याचं संरक्षण दिलं. मला त्याचा आनंद आहे, थरावरून पडणारा मुलगाही आपलाच. मग दुसऱ्याला वाचवायला दरीत उतरणाऱ्याचा विमा का नाही? केंद्राच्या आपदा मित्र योजनेत प्रशिक्षण आणि विमा आहे, पण आमच्यातल्या सगळ्यांची नावं तिथे नाहीत. नोंदणीकृत गिर्यारोहण संस्थांच्या सक्रिय कार्यकर्त्यांची यादी तहसीलदारांकडे असावी आणि तिच्यावरून विमा निघावा. तो वर्षभराचा हवा, जाळरेषेवर भाजलेला पायही त्यात धरलेला हवा.

दुसरी रजेची. आमच्यातला एक मुलगा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटी आहे. रात्रभर शोधमोहिमेत होता म्हणून सकाळची पाळी चुकली, तर त्याचा पगार कापला गेला. पोलिसांनी किंवा तहसीलदारांनी बोलावलेल्या माणसाची त्या दिवसाची हजेरी धरावी, एवढा शासन निर्णय काढायला तिजोरीवर ताण येत नाही.

तिसरी मागणी ट्रेक विकणाऱ्यांकडे. पैसे घेऊन माणसं नेणाऱ्यांसाठी राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, नोंदणी आहे. नोंदणी करतानाच ठरावीक रक्कम डोंगराखालच्या ग्रामपंचायतीकडे जावी आणि ती फक्त दोर, जाळरेषा नि वाटेच्या दुरुस्तीवर खर्च व्हावी. हिशोब चावडीवर लावावा, आमच्या मंडळाचाही.

यंदाची जाळरेषा पुन्हा जानेवारीत पडेल. त्याआधी आमच्या दोन दोरांची मुदत संपते आहे. एक चढाईचा, एक दरीचा. वहीत त्यांच्यासमोर मी तारीख लिहून ठेवली आहे, आणि त्या तारखेनंतर कुणी कितीही गळ घातली तरी ते दोर मी कड्यावर जाऊ देणार नाही.