‘किरकोळ’ अपघातांची नोंद कोण ठेवणार?

सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या अशोक वाटिका चौकात थोडा वेळ उभे राहिले, तर एक प्रसंग कधी ना कधी दृष्टीस पडतोच. डावीकडे वळणारी मोटार बाजूने जाणाऱ्या सायकलला निसटता धक्का देते, सायकलस्वार तोल जाऊन खाली येतो. क्षणभर गर्दी जमते, मागची वाहने हॉर्न वाजवू लागतात. ‘लागलं नाही ना? मग जाऊ द्या ना भाऊ,’ असे कुणीतरी म्हणतो. सायकलस्वार गुडघ्यावरची धूळ झटकतो, वाकडे झालेले हँडल सरळ करतो आणि निघून जातो. मोटार तर त्याआधीच गेलेली असते. पोलिसांच्या दप्तरी या घटनेचा मागमूसही राहत नाही. अपघात ‘किरकोळ’ ठरलेला असतो, आणि तो तसा ठरविणारा बहुधा मोटारीत बसलेला असतो.

सायकलस्वाराच्या दृष्टीने मात्र हिशेब वेगळा असतो. चाकाला आऊट आला, तारा तुटल्या, की त्या दिवसाची मजुरी दुरुस्तीत जाते. मनगट मुरगळले तर गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्याचे आठ दिवस बुडतात. वर्तमानपत्र टाकणारी मुले, दूधवाले, रात्रपाळीचे चौकीदार, कारखान्यातील कामगार आणि शिकवणी वर्गांना जाणारे विद्यार्थी हा आजच्या सायकलस्वारांचा मुख्य वर्ग आहे. २०११च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. तरीही शहरांच्या रस्त्यांचा विचार करताना हे वाहन जणू अस्तित्वातच नाही, असे गृहीत धरले जाते.

आकडेवारीतील पोकळी

या प्रश्नाचे खरे स्वरूप सरकारी आकडेवारीत काय आहे यापेक्षा काय नाही, यावरून अधिक स्पष्ट होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात नोंदले गेले. त्यांपैकी १,५५,७८१ प्राणघातक होते. म्हणजे नोंदलेल्या दर तीन अपघातांपैकी एकात कुणाचा तरी जीव गेला. महाराष्ट्रात त्याच वर्षी ३३,३८३ अपघातांत १५,२२४ जण मृत्युमुखी पडले. कोणत्याही शहरातील रहिवाशाने आपला रोजचा अनुभव या प्रमाणाशी ताडून पाहावा. खरोखरच दर तिसरा अपघात प्राणघातक असतो काय?

ब्रिटनशी तुलना केली, तर ही विसंगती अधिक ठळक होते. तेथे २०२२ मध्ये मृत, गंभीर जखमी आणि किरकोळ जखमी मिळून १,३५,४८० जणांची नोंद झाली. त्यात मृत्यू होते १,७११. म्हणजे सुमारे ७९ अपघातग्रस्तांमागे एक मृत्यू. भारतात मृत १,६८,४९१ आणि जखमी ४,४३,३६६. म्हणजे चारपेक्षाही कमी अपघातग्रस्तांमागे एक मृत्यू. आपल्याकडील रस्ते अधिक धोकादायक आहेत, हे खरेच. वैद्यकीय मदतीला होणारा विलंबही खरा. परंतु एवढी मोठी तफावत केवळ त्यामुळे पडत नाही. किरकोळ अपघात आपल्याकडे मोजलेच जात नाहीत, हे तिचे मोठे कारण आहे.

कायद्याला ‘किरकोळ’ मान्य नाही

असे अपघात नोंदविण्याची गरज नाही, हा समज सार्वत्रिक असला तरी कायद्याला धरून नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १३४ नुसार अपघातात कुणी जखमी झाल्यास अथवा त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास चालकावर निश्चित जबाबदारी येते. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे, आणि जागेवर पोलीस नसल्यास जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत माहिती देणे, हे त्याचे कर्तव्य आहे. वाकडी झालेली सायकल हीदेखील त्रयस्थाची मालमत्ताच होय. हे कर्तव्य टाळणाऱ्यास कलम १८७ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालविणे (कलम २८१) आणि निष्काळजीपणे दुखापत करणे (कलम १२५) हे दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत. प्रत्यक्षात मात्र तक्रार देणाऱ्याला ठाण्यात ताटकळावे लागेल, कामाचा दिवस जाईल, शिवाय सायकल पुराव्यासाठी अडकून पडेल, ही भीती प्रबळ ठरते. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. परंतु काही शे रुपयांच्या चाकासाठी वकील कोण करणार? लहान नुकसानीची झटपट भरपाई देणारी सोपी वाट व्यवस्थेत नाही. म्हणून चौकातच शंभर-दोनशेवर मिटते, किंवा तेही न मिळता.

धडक चौकातच का?

या अपघातांची कारणे बरीचशी चौकांच्या रचनेत दडलेली आहेत. डाव्या कडेने चालणारी सायकल सरळ पुढे जात असते. मोटार तिला ओलांडते आणि लगेच डावीकडे वळते. ‘फ्री लेफ्ट’च्या सवयीमुळे हे वळण वेग कमी न करताच घेतले जाते. रस्ता रुंद करताना कोपरेही ऐसपैस केले, की वळणाचा वेग आणखी वाढतो. उजवीकडे वळू पाहणाऱ्या सायकलस्वाराला तर धावत्या वाहनांमधून वाट काढत रस्त्याच्या मध्यापर्यंत यावे लागते. त्यात कोपऱ्यावर उभे असलेले ऑटो, हातगाड्या आणि फलक दोघांचीही नजर अडवितात.

दोष एकट्या मोटारचालकाचा नसतो, हेही नमूद केले पाहिजे. उलट्या दिशेने येणे, सिग्नल न पाळणे, रात्री दिवा वा परावर्तक नसणे, हे प्रकार सायकलस्वारांकडूनही सर्रास घडतात. बिनदिव्याच्या आणि ‘डबलसीट’ सायकली पोलीस अडवीत असत, ही आठवण मागच्या पिढीला आहेच. तथापि दोघांच्या चुकीची किंमत सारखी नसते. एकाच्या मोटारीचा रंग खरवडतो, दुसऱ्याचे हाड मोडते.

प्राधान्याचा प्रश्न

वऱ्हाडात रस्तेबांधणीची क्षमता नाही, असे म्हणता येणार नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम नोंदविला गेला. हा वेग कौतुकास्पदच आहे. परंतु चौकातील कोपरा आवळणे, मोटारींच्या पुढे सायकलींसाठी वेगळी थांबारेषा आखणे, पादचारी पट्टा उंच करणे, वळणावरचे ऑटो हटविणे या कामांना विक्रमाची नव्हे, काही दिवसांची आणि तुलनेने थोड्या पैशांची गरज आहे. सायकल आणि पायी वाहतुकीला प्राधान्य द्यावे, असे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच सांगितले होते.

अडचण अशी, की सुधारणेसाठी निकष लागतात आणि निकष नोंदींवर ठरतात. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू अथवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले, तर तो टप्पा ‘ब्लॅक स्पॉट’ गणला जातो. दररोज सायकली पडणारा चौक या व्याख्येत बसतच नाही. धोक्याची सूचना रोज मिळत असूनही यंत्रणा मृत्यूंची संख्या भरण्याची वाट पाहते, असा याचा अर्थ होतो.

याचा दूरगामी परिणाम घराघरांत दिसतो. मुलगी एकदा चौकात पडली, की पालक सायकल बंद करतात. मग परवान्याचे वय होण्याआधीच घरात स्कूटी येते आणि त्याच चौकात आणखी एका मोटार-वाहनाची भर पडते.

उपाय आवाक्यातला आहे. अपघातांच्या संगणकीय नोंदीची ‘आयरॅड’ प्रणाली ज्या सहा राज्यांत प्रथम राबविण्यात आली, त्यात महाराष्ट्र होता. किरकोळ दुखापतीचा रकाना अपघातांच्या वर्गवारीत आहे; तो भरला गेला पाहिजे. अमरावतीचे इर्विन आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय येथील अपघात विभागांत येणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराला ‘कोणत्या चौकात पडलात?’ एवढा एक प्रश्न विचारून उत्तर नोंदविले, तरी वर्षभरात दोन्ही शहरांचा धोक्याचा नकाशा तयार होईल. वाहतूक शाखा, महापालिका आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समिती यांनी दर तीन महिन्यांनी हा नकाशा समोर ठेवून वाईटातले वाईट दोन चौक दुरुस्तीसाठी निवडावेत. त्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय आला, तरी सुरुवात होऊ शकते.