कुत्र्याला तारीख, बैलाला वाट



पुण्याला काम निघाले की आमची मंडईत एक चक्कर होतेच. अशाच एका सकाळी तिथे एक गृहस्थ भेटले. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात कुत्र्याची साखळी. म्हणाले, "पुढच्या महिन्यात परगावी जायचंय. कुत्र्याला जिथं सांभाळायला ठेवतो, तिथं खोकल्याची लस दिल्याशिवाय घेत नाहीत. आत्ताच नाकात थेंब घालून आणलं."

त्या गृहस्थांवर आमचा राग नाही. जनावर पाळावे तर असेच पाळावे. पण ज्याच्या जिवावर पऱ्हाटी आणि ज्वारी पेरली जाते, त्या बैलाच्या लसीची तारीख आम्हाला कोण सांगतो?

कुत्र्याच्या त्या खोकल्याचा एक मुख्य जंतू म्हणजे बोर्डेटेला. आपल्या पोरांना डांग्या खोकला होतो, तो याच्याच भाऊबंदातला. श्वासनळीत बारीक केसांचे अस्तर असते. आत गेलेली घाण ते बाहेर लोटते. हा जंतू ते अस्तरच निकामी करतो. कुंपण मोडल्यावर शेतात कोणतेही ढोर शिरते, तसे मग दुसरे जंतू आत शिरतात. कुत्रा बहुधा दोन-तीन आठवड्यांत बरा होतो. डुकराच्या पिलांचे तसे नाही. तोच बोर्डेटेला आणि त्याच्या जोडीला पाश्चरेला नावाचा जंतू आला, की पिलाचे नाक वाकडे होते, वाढ खुंटते, फुप्फुसे सुजतात. गावात डुकरे पाळतात ती माणसे बहुतेक भूमिहीन. त्यांच्या पिलाच्या खोकल्याकडे कोण वळून पाहतो?

याच पाश्चरेलाच्या काही प्रकारांनी बैल-म्हशींना घटसर्प होतो. तो आपल्याला सांगायला नको. सणकून ताप, गळ्याखाली सूज, घशात घरघर, आणि पुष्कळदा दिवसभरात दावे रिकामे. पाऊस पडला, हवा दमट झाली, जनावर कामाने थकले की हा रोग उठतो. म्हणजे ऐन पेरणीत. जोडीतला एक बैल गेला की दुसराही बसून राहतो. वाफसा कोणासाठी थांबत नाही. भाड्याने पेरून घ्यायचे तर सावकाराचे दार.

यावर लस आहे. पण टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. मृग बरसल्यावर आलेली लस म्हणजे घर जळाल्यावर खणलेली विहीर. शिवाय ती लस दोन ते आठ अंश थंडाव्यात ठेवावी लागते. उन्हात फिरवलेली बाटली टोचली काय, न टोचली काय, सारखेच.

आता पुण्याचीच गोष्ट पाहा. ही मंडई १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतिबा फुल्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. पैसा आधी शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे इमारतीला त्यांचेच नाव लागले. मंडईनंतर तीनच वर्षांनी, १८८९ साली, जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल प्रयोगशाळा याच शहरात निघाली. १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. घटसर्पाची लस आजही पुण्यात, औंधच्या सरकारी संस्थेत तयार होते.

म्हणजे विद्या आहे, लसही आहे. ती वेळेवर गोठ्यापर्यंत पोचत नाही, हे दुखणे आहे. पोचली तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. बुळकांडीने एके काळी गावेच्या गावे उजाड केली. लस गोठ्यागोठ्यात गेली आणि २०११ साली जगातून तो रोग संपल्याचे जाहीर झाले. बुळकांडी विषाणूची होती. घटसर्पाचा जंतू धडधाकट जनावराच्या नाका-घशातही दबा धरून बसतो, म्हणून तो असा एकदाच संपणार नाही. लस दर वर्षी, वेळेवर लागणार.

आम्ही मेहरबानी मागत नाही. मे संपण्याआधी गावोगाव लस टोचून झाली पाहिजे. कोणत्या गावात कोणत्या दिवशी, ते आठ दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजे. बाटली बर्फाच्या पेटीतून आली पाहिजे. आणि डुकरे पाळणाऱ्याच्या झोपडीपुढेही डॉक्टर थांबला पाहिजे.

आपल्या बाजूचे काम आपण करू. बाजारातून आणलेले जनावर त्याच दिवशी दावणीला बांधू नका, काही दिवस वेगळे ठेवा. मेलेले जनावर ओढ्यात न टाकता चुना घालून खोल पुरा. लसीच्या दिवशी एकही जनावर रानात सोडू नका.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने बैल, गाई, म्हशी, डुकरे यांची मोजदाद करून कागद आणावा. गेल्या पावसाळ्यात दगावली तीही लिहावीत. पुण्यातल्या कुत्र्याला तारीख मिळते, कारण त्याचा धनी ती मागतो. आपणही मागू, पण हातात यादी घेऊन.