घारापुरीची दुसरी टेकडी

सहलीचा विचार निघाला कीं पालकांकडून बहुधा एकच सूचना येते: दिवस एक असला तरी स्थळें चार असावींत. अटल सेतूवरून मुंबई, गेटवेहून लाँचनें घारापुरी, तेथील मोठें लेणें, आणि सायंकाळीं चौपाटी. खर्च तोच, मग पाहणें कमी कां, असा हा हिशेब आहे. आम्हांस तो मुळींच पटत नाहीं.

घारापुरीचा डोंगर न्हाव्याच्या किनाऱ्यावरून समोर दिसतो. बेट आमच्याच उरण तालुक्यांत मोडतें. तरीहि आमचीं मुलें तें मुंबईच्या पाहुण्यांप्रमाणें पाहतात. धक्क्यावर उतरावें, दुकानांच्या रांगेंतून पायऱ्या चढाव्या, सदाशिवाच्या त्रिमुखी मूर्तीपुढें छायाचित्र काढावें आणि परतीची लाँच गांठावी! त्या मूर्तीची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. सुमारें १८ फूट उंचीचें तें शिल्प पाहून ज्याची वाचा क्षणभर थांबत नाहीं असा मनुष्य विरळाच. परंतु बेट तेवढ्यावर संपत नाहीं.

पूर्वेकडील टेकडीवर सीताबाईचें देऊळ म्हणून ओळखलें जाणारें सहावें लेणें आहे. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस त्याचा प्रार्थनामंदिर म्हणून उपयोग होत असे. पुढें लहानसें सातवें लेणें, पाण्याचीं जुनीं टांकीं आणि विटांच्या बौद्ध स्तूपाचा ढिगारा. मोठें लेणें साधारण सहाव्या शतकांतलें मानतात. हा स्तूप त्याहून कित्येक शतकें जुना समजला जातो. म्हणजे मुलें ज्यास बेटाचा आरंभ समजतात, तो वस्तुतः मधला अध्याय होय. हें वर्गांत दहा वेळां सांगून उमजत नाहीं. एका टेकडीवरून दुसरीवर चालत गेलें म्हणजे उमजतें. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं बेटास एलिफंटा म्हटलें, तो तर बेटावर नाहींच! १८६४ सालीं त्याचे अवशेष मुंबईस नेण्यांत आले. पुन्हा जुळविलेला तो हत्ती भायखळ्यास जिजामाता उद्यानांत उभा आहे. त्याकडे पाठ फिरवून मुलें पेंग्विन पाहण्यास धांवतात. त्यांस दोष कशाला द्यावा? त्यांस कोणीं सांगितलेलेंच नसतें.

बेटावर माणसेंहि राहतात, हें पुष्कळांच्या गांवींहि नसतें. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तीन वस्त्या. समोर मुंबई दिव्यांनीं लखलखत असतां तेथें समुद्राखालील तारेनें वीज पोहोंचली ती २०१८ सालीं.

आणि घराजवळचें चिरनेर तरी कितीजणांनीं पाहिलें आहे? २५ सप्टेंबर १९३० रोजीं तेथें जंगल सत्याग्रहांत गोळीबार होऊन आठ जण हुतात्मे झाले. सहलीच्या यादींत हें नांव कोणीं घातल्याचें आम्हांस आठवत नाहीं. १९८९ सालीं बंदर सुरू झालें. त्यासाठीं शेव्याच्या कोळीवाड्यास आपली जागा सोडावी लागली. ज्या मुलांच्या आजोबांचें गांवच उठलें, त्यांस या भूमींतील उरलेल्या खुणा दाखविणें ही चैन नव्हे.

पालकांची एक हरकत मात्र रास्त आहे. दुसऱ्या टेकडीवर झाडोरा दाट, वर्दळ थोडी, आणि माकडें धीट. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, चार वर्ग एकदम न नेतां एकच न्यावा, दिवस थंडीचा निवडावा, प्रत्येकाजवळ पाणी असावें, आणि दिवसभरांत दुसरें स्थळ म्हणून घेऊं नये. सोमवारीं लेणीं बंद असतात, तेवढें पत्रकावर तारीख घालण्यापूर्वीं पाहून घ्यावें.