पहिलटकरणीपुरते सरकार

सातपुड्यातल्या धडगावच्या बाजाराच्या दिवशी मी बायकांचे सरकारी अर्ज भरून देते. गेल्या पावसाळ्यात नर्मदेच्या अंगाच्या एका पाड्यावरून एक बाई आली. एक पोर कडेवर, दुसरे बोटाला, आणि पोटात सातवा महिना. पहाटे निघून डोंगर चढत-उतरत आली होती. ओच्यातली प्लॅस्टिकची पिशवी सोडून तिने आधार कार्ड, पासबुक आणि अंगणवाडीतले माता-बाल कार्ड माझ्यापुढे ठेवले. कार्डावर लिहिले होते, गरोदरपण चौथे. एक मूल गेलेले, दोन समोर उभी.

मी म्हणाले, "बाई, हे तुम्हाला लागू नाही."

"का नाही, ताई?"

"हे पैसे पहिल्या बाळाला मिळतात. दुसऱ्याला मिळतात, पण ती मुलगी असली तरच."

तिने वाद घातला नाही. कागद पुन्हा पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली आणि पोरांना घेऊन उठली. ती गाठ मारणारे हात मला अजून दिसतात. हा लेख मी त्या हातांसाठी लिहिते आहे.

मी तिला जे सांगितले ते मातृवंदना योजनेच्या नियमाप्रमाणे बरोबर होते. देशाच्या कायद्याप्रमाणे ते चूक होते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याच्या चौथ्या कलमात लिहिले आहे की प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांचा मातृत्व लाभ मिळेल. सरकारी नोकरीत असलेल्या आणि दुसऱ्या कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या बायका तेवढ्या वगळल्या आहेत. पहिले मूल की चौथे, हा प्रश्न त्या कलमात कुठेही नाही. शब्द आहे तो 'प्रत्येक'.

तीन वर्षांहून जास्त काळ हे कलम बहुतांशी कागदावर पडून राहिले. ३१ डिसेंबर २०१६च्या रात्री पंतप्रधानांनी भाषणात गरोदर मातांना सहा हजार रुपये देण्याची घोषणा केली. १ जानेवारी २०१७पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली. तीत सहाचे पाच हजार झाले आणि 'प्रत्येक'चे 'पहिले' झाले. कलमाच्या सुरुवातीला "केंद्र सरकार आखेल त्या योजनांच्या अधीन" असे मोजके शब्द होते. त्या शब्दांच्या आडून संसदेने दिलेला हक्क एका मार्गदर्शक सूचनेने कापला. १ एप्रिल २०२२पासून दुरुस्त योजना आली. पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत पाच हजार, आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. ज्या बाईला दुसरा मुलगा होतो तिच्या बाळंतकळा सरकारच्या हिशेबी कमी ठरतात, हा कुठला न्याय?

उरलेल्या हजाराचे काय, असे विचारले की उत्तर मिळते: जननी सुरक्षा योजनेचे पैसे धरा, सरासरी सहा हजार होतात. ही सरासरी धडगावात आणून बघा. जननी सुरक्षा योजनेत दवाखान्यात बाळंत होणाऱ्या ग्रामीण बाईला मागास कामगिरीच्या राज्यांत १४०० रुपये मिळतात. महाराष्ट्र चांगल्या कामगिरीच्या यादीत आहे, म्हणून इथे ७००. पाच हजार अधिक सातशे म्हणजे ५७०० रुपये. पुण्या-मुंबईच्या आकड्यांनी राज्याची कामगिरी वर गेली आणि तिची किंमत सातपुड्यातल्या पावरा आदिवासी बाईने ३०० रुपये कमी घेऊन मोजली. घरी बाळंत झाली तर तिला ७००चे ५०० होतात, तेही ती दारिद्र्यरेषेखाली असेल तर.

आता हे पाच हजार किती होतात ते मोजू. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साली रोज ३१२ रुपये होती. पाच हजार म्हणजे सोळा दिवसांची मजुरी. नऊ महिने पोट आणि सहा महिने अंगावरचे दूध, या सगळ्यासाठी सोळा दिवस.

२०१७ सालीच याच देशाने मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती केली आणि पगारदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. फार चांगले केले. तिसऱ्या बाळंतपणाला तिला काही नाही असे मात्र केले नाही. तिसऱ्यालाही १२ आठवडे भरपगारी रजा आहे. म्हणजे कंपनीतल्या बाईला तिसरे मूल झाले तर कायदा तिला बारा आठवडे पगारी विसावा देतो, आणि ऊस तोडणाऱ्या बाईला तिसरे झाले तर त्याच देशाचे सरकार मातृवंदनेतून तिला एक रुपया देत नाही. रोजगार हमीच्या दराने २६ आठवड्यांचे, आठवड्याला सहा दिवस धरून, ४८,६७२ रुपये होतात. बारा आठवड्यांचे २२,४६४. धडगावच्या बाईला मातृवंदनेतून पहिल्या खेपेला पाच हजार, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार, आणि नंतर शून्य. लोकसंख्या आवरायची म्हणून ही अट आहे, असे म्हणणाऱ्यांनी आधी पगारदार बाईच्या तिसऱ्या रजेचे उत्तर द्यावे. ते उत्तर कोणाकडे नाही. गरिबाच्या पोरांची मोजणी करायची आणि इतरांच्या पोरांचे स्वागत करायचे, एवढाच या अटीचा अर्थ आहे.

शिवाय अट घातल्याने मूल जन्मायचे थांबत नाही. पाळणा लांबवण्याची साधने, समजावून सांगणारी नर्स, आधीचे मूल जगेल याची खात्री, यांनी ते थांबते. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुले वजनाने कमी आहेत, हे सरकारच्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे. जिथे कडेवरचे पोर हाताशी राहील याची शाश्वती नाही, तिथे आई पुढच्याची आशा सोडत नाही. मातृवंदनेच्या पहिल्या नियमावलीत तर असे होते की सगळे हप्ते घेतल्यानंतर बाळ दगावले, तर पुढच्या खेपेला त्या आईला पुन्हा लाभ नाही. मूल पुरून आलेल्या बाईला "तुझा कोटा संपला" असे सांगणारा नियम ज्यांनी लिहिला, त्यांना मी माफ करू शकत नाही.

वैद्यकाच्या दृष्टीनेही ही अट उफराटी आहे. रक्त कमी असलेली बाई चौथ्यांदा गरोदर राहते तेव्हा तिचा धोका वाढलेला असतो. तिच्या अंगातले लोह आधीच्या तीन बाळंतपणांनी ओढून नेलेले असते. सातपुड्यात सिकलसेल आहे, तो वेगळाच. जी सर्वांत जास्त अडलेली, तीच यादीबाहेर. दुसरी अडलेली म्हणजे सोळा-सतरा वर्षांची पोर. तिची खेप पहिलीच असते, तरी योजनेत किमान वय १८ वर्षे ७ महिने आहे. बालविवाह व्हायला नकोत, हे मी याच बाजारात ओरडून सांगते. पण लग्न लावले बापाने आणि शिक्षा झाली तिच्या पोटातल्या जीवाला. पोलिसांत नोंद होईल या भीतीने घरचे तिला दवाखान्यापासून लपवतात. वयाच्या अटीने लपवायला आणखी एक कारण दिले.

आता राज्याच्या पेटीकडे येते. महाराष्ट्राने २०१९मध्ये बेबी केअर किट आणले. किंमत दोन हजार रुपये. आत अंथरूण, ब्लँकेट, टॉवेल, मच्छरदाणी, तेल, थर्मामीटर, हातमोजे, पायमोजे, खेळणी. मी या पेटीला नावे ठेवत नाही. तोरणमाळ आणि डाबच्या बाजूला हिवाळ्यात दवबिंदू गोठतात. तिथे कमी वजनाच्या बाळाला ऊब मिळणे हा जीव वाचवण्याचा उपाय आहे. पण ही पेटीही पहिल्याच बाळाला, आणि तेही सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या. तिसऱ्या बाळाला थंडी कमी वाजते काय? पावसाळ्यात बांबूला चादर बांधून केलेल्या झोळीत जी बाई वाटेतच बाळंत झाली, तिच्या बाळाला ब्लँकेट नको काय? दवाखान्यापर्यंत रस्ता न्यायचे काम सरकारचे होते. ते केले नाही, आणि न पोहोचल्याचा दंड बाळाला केला. सप्टेंबर २०२१मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून वाट बंद झाली, तेव्हा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन निघालेल्या नवऱ्याच्या खांद्यावरच तिने प्राण सोडला. आम्ही त्याच घाटाने जातो-येतो.

अशी पेटी देण्याची कल्पना फिनलंडची. तिथे १९३८पासून गरीब मातांना ती मिळू लागली आणि १९४९पासून सगळ्याच मातांना. अट एकच: चौथा महिना संपायच्या आत तपासणीला या. त्या अटीने बायका दवाखान्यात आल्या. कितवे मूल, हे त्यांनी विचारले नाही. आमच्या अटीने बायका दवाखान्यातून परत जातात. आपल्याच देशात ओडिशाने २०११मध्ये ममता योजना आणली तेव्हा दोन अपत्यांची मर्यादा घातली, पण राज्यातल्या अतिमागास आदिम जमातींना त्या मर्यादेतून मोकळे केले. डोंगरातल्या बाईला मैदानातल्या बाईच्या मापाने मोजू नये, एवढी जाण त्यांना होती. आमच्या विधानभवनात ती का येत नाही?

पोरे मोजल्याशिवाय देता येत नाही असेही नाही. महाराष्ट्रानेच २०१५मध्ये अनुसूचित क्षेत्रासाठी अमृत आहार योजना सुरू केली. गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण: भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, अंडे किंवा केळी, शेंगदाण्याचा लाडू. तिथे सेविका ताट वाढताना कितवे पोर हे विचारत नाही. म्हणूनच मी ही योजना राज्याच्या चांगल्या कामांत धरते. तिची अडचण निराळी आहे. आमची वस्ती विखुरलेली आहे. एकेक पाडा एकेका टेकडीवर असतो आणि आठव्या महिन्याची बाई एका ताटासाठी रोज दोन टेकड्या चढू शकत नाही. २०२०च्या टाळेबंदीत नर्मदाकाठच्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविकेने होडी मागून घेतली आणि ती स्वतः वल्हवत पोषण आहार घेऊन पाड्यांवर गेली. देशभर तिचे कौतुक झाले. कौतुक योग्यच होते. पण सेविकेला स्वतः वल्ही मारावी लागणे ही सरकारला मान खाली घालायला लावणारी गोष्ट होती, आणि मान खाली घातलेली मला कोणाची दिसली नाही.

आणि दिवाळीनंतर काय? दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे होतात. माणसे गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. पोटुशी बाईही कोयता घेऊन जाते, कारण जोडीतली एक गेली नाही तर नवऱ्याचीही मजुरी बुडते. ताट धडगावात, बाई बार्डोलीच्या फडात. हप्त्याला लागणारी तपासणीची नोंद इथे, बाळंतपण तिथे, लसीचा कागद तिसरीकडे. दुसरा हप्ता जन्मनोंद आणि पहिल्या फेरीच्या लसी झाल्यावर मिळतो. म्हणजे पैसा येतो तेव्हा बाळ साडेतीन महिन्यांचे झालेले असते आणि आई केव्हाच कामाला लागलेली असते. जो पैसा तिला फडात जाण्यापासून थांबवण्यासाठी होता, तो ती फडातून परतल्यावर मिळतो. मग तो कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात फार पूर्वी दिले गेले आहे. १९२८च्या जुलैत मुंबई कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या लाभाचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे यात राष्ट्राचे हित आहे आणि म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असे त्यांनी मांडले. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. शंभर वर्षे होत आली. विसावा हा त्यातला मुख्य शब्द होता. आज सरकारजवळ पेटी आहे, हप्ता आहे, पोर्टल आहे. विसावा नाही.

माझ्या मागण्या लांबलचक नाहीत. मातृवंदनेतून आणि किटमधून अपत्याची मोजणी काढा. रक्कम रोजगार हमीच्या मजुरीला बांधा, २६ आठवड्यांची, आणि त्यातली निम्मी सातव्या महिन्यात बाईच्या हातात पडू द्या. पेटी बाळ जिथे जन्मले तिथे आशाताईच्या हाती पोहोचवा, घरी, वाटेत, फडात, कुठेही. आरोग्य केंद्रात बाळंतपणाआधी येऊन राहण्यासाठीची माहेरघरे आदिवासी जिल्ह्यांत सुरू केलीत, ती तिच्या धाकट्या पोरांसह आणि बुडीत मजुरीसह नीट चालवा. नोंद कार्डाबरोबर चालू द्या, गावाबरोबर नको.

पैसा कुठून आणायचा, असे मला कोणी विचारू नये. बायकांना महिन्याला १५०० रुपये निवडणुकीच्या वर्षात एका आदेशाने राज्यभर वाटता आले. मतदाराला वाटता येते, तर पोटातल्या जीवाला का नाही?

त्या बाईचा दिवाळीच्या आधी निरोप आला. मुलगी झाली, पाड्यावरच, दाईच्या हाताने. बाळ बारीक आहे. पुढच्या आठवड्यात त्या दोघी आणि बाकीचे सगळे ऊसतोडीला निघणार होते.

त्या पावसाळी दिवशी मी तिला "तुम्हाला लागू नाही" असे सांगितले, हे माझ्याकडून चुकले. कायद्याने तिला लागू होते. यापुढे माझ्यापुढे कितव्या खेपेची बाई बसली तरी मी अर्ज भरीन, पोच घेईन, आणि नाकारला तर कारण लेखी मागेन. नाकारायचे असेल तर ते माझ्या तोंडून नाही, सरकारने सहीशिक्क्यानिशी नाकारावे. आणि त्या कागदावर चौथ्या कलमातला 'प्रत्येक' हा शब्द खोडून दाखवावा.